'कळीचा नारद' आणि 'मंथरा' एकच का?

प्रश्न असा आलाय की भांडणं लावणाऱ्या पुरुषाला आपण 'कळीचा नारद' म्हणतो आणि बाईला 'मंथरा', तर हे समानार्थी धरायचे का, आणि 'मंथरा'चा मूळ अर्थच 'कान भरणारी' आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही. संस्कृतात मंथर म्हणजे मंद, संथ, आपल्या 'मंथर गती'तला तोच. कान भरण्याचा अर्थ नंतर रामायणातल्या त्या मंथरा दासीच्या गोष्टीवरून चिकटला.

समानार्थी मात्र अजिबात नाहीत. 'नारद' म्हणताना बोलणारा हसत असतो, 'मंथरा' म्हणताना दातओठ खातो. नारदाने कळ लावली की त्यात देवाचं काहीतरी काम असणार असं आपण धरूनच चालतो, वर कीर्तनात नारदाची गादी आहेच. अहो पण मंथरेच्या कळीमुळेच राम वनात गेला आणि पुढे रावण मेला ना? तुलसीदासांनी तर देवांनी सरस्वतीला पाठवून तिची बुद्धी फिरवली असं सरळ लिहिलंय, तरी क्रेडिट शून्य.

आणि वाल्मीकींचं अयोध्याकांड नीट वाचलं तर ती म्हणते त्यात तथ्य दिसतं. ती कैकेयीची माहेरची दासी, तिची काळजी एकच, की उद्या कौसल्या राजमाता झाली की आपल्या पोरीचं आणि भरताचं काय. भरताला मुद्दाम लांब ठेवून हे चाललंय असा तिचा संशय, आणि त्याआधीच खुद्द दशरथ रामाला सांगून बसलाय की भरत नगराबाहेर आहे तोवरच तुझा अभिषेक उरकावा! शिवाय कैकेयीशी लग्न करताना तिच्या बापाला राज्यशुल्काचा, म्हणजे तिच्याच मुलाला राज्य देण्याचा शब्द दिला होता, हे पुढे राम स्वतःच भरताला सांगतो. मग कारस्थान नक्की कुणाचं?

कैकेयीला पटल्यावर ती मंथरेच्या कुबडाचं कौतुक करते तो भाग तर भारीच आहे, म्हणते यात तुझी बुद्धी, क्षत्रविद्या आणि माया राहतात, याच्यावर सोन्याची माळ घालीन. थट्टा म्हणून वाचायची सवय आहे आपल्याला, पण राजकारणातली अक्कल दासीच्या नावावर जमा करणारं हे वाक्य आहे. नंतर शत्रुघ्न तिला जमिनीवरून फरफटत नेतो, अंगावरचे दागिने तुटून सगळीकडे विखुरतात, आणि भरत त्याला थांबवतो ते पण स्त्रीहत्या केली तर राम आपल्याशी बोलणार नाही म्हणून. दशरथाला कुणी बोटही लावत नाही.



तेव्हा लिहिताना 'मंथरा' वापरलात तर ती शिवी आहे हे लक्षात ठेवून वापरा. नुसतं भांडणं लावणारी म्हणायचं असेल तर 'कळलावी' आहे की, नाहीतर सरळ 'कळीचा नारद' म्हणा, बायकांनाही म्हणतातच लोक.