गुडघ्यांवरची सैल त्वचा: मी काय करून घेतलं, काय टाळलं

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४८, दीड वर्षात १७ किलो वजन उतरवलं आणि आता गुडघ्याच्या वाटीवर कातडीच्या दोन-तीन घड्या पडतात. साडीत कळत नाही, पण तारकर्लीला मुलीबरोबर पाण्यात उतरताना गुडघे झाकायला ओढणी शोधता. मशीन, इंजेक्शन की ऑपरेशन, काय करावं, हा तुमचा प्रश्न.

मी वेंगुर्ल्याची, तुमच्याहून पाच वर्षांनी मोठी. पाळी जाता जाता १४ किलो वजन कमी केलं आणि माझंही हेच झालं. अंगणात पाय धूत होते, तर आईनेच आधी पाहिलं. "गो, तुज्या गुडघ्याक काय झाला?" त्यानंतर तीन वर्षं मी या एका गोष्टीच्या मागे होते. त्यातलं जवळजवळ एक वर्ष फुकट गेलं, ते तुमचं जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

उपाय नंतर. आधी नेमकं सैल काय झालंय ते ओळखा. आरशासमोर उभं राहून मांडी घट्ट आवळा आणि वाटीच्या वरची कातडी चिमटीत धरा. चिमटीतली घडी साडीच्या निरीसारखी पातळ आली तर ती त्वचा आहे. जाड, गुबगुबीत आली, विशेषतः गुडघ्याच्या आतल्या बाजूला, तर ती चरबी. मांडी आवळल्यावर घड्या बऱ्याच विरत असतील, तर वजनाबरोबर मांडीचा स्नायूही उतरलाय, आणि ही खरं म्हणजे चांगली बातमी, कारण स्नायू परत कमावता येतो. गुडघा सुजल्यासारखा वाटत असेल, दुखत असेल, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणखी एक प्रकार बायकांमध्ये असतो, ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला सारखेच उंचवटे, दाबलं की दुखणारे, जरा लागलं की काळंनिळं होणारं, पावलं मात्र बारीकच. त्याला लिपेडिमा म्हणतात. तो जेवण कमी करून उतरत नाही आणि कातडी आवळणाऱ्या मशीनचाही त्यावर उपयोग नाही.

पण हे सगळं नुसत्या चिमटीवर सोडू नका, का ते सांगते. मी स्वतः चिमटीत धरून "त्वचाच आहे" असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा निम्मा दोष उतरलेल्या स्नायूचा निघाला.

दुसरी गोष्ट समजायला मला फार वेळ लागला. गुडघ्यावर थोडी जादा कातडी लागतेच. आपण मांडी घालून जेवतो, उकिडवं बसून अंगण सारवतो, मासे साफ करतो. गुडघा पूर्ण वाकतो तेव्हा ती सगळी कातडी ताणून वापरली जाते. उभं राहिलो की तीच वर गोळा होते. म्हणून गालासारखा गुळगुळीत गुडघा कुणी कबूल केला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्यात वयाबरोबर कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्ट धरणारं प्रथिन, कमी होतं, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटल्यामुळे ते आणखी वेगाने घटतं, आणि पायाची जखम चेहऱ्यापेक्षा हळू भरते.

आता माझी चूक. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये जाहिरात बघून गेले. तिथे गुडघ्यांवर फ्रॅक्शनल लेसर, म्हणजे कातडीला बारीक ठिपक्यांत भाजणारं लेसर, केलं. डॉक्टर पाच मिनिटं भेटले, मशीन दुसऱ्याच कुणी चालवलं, आधी छोट्या जागेवर चाचणी घेतली नाही, आणि दिवस एप्रिलचे. घरी येऊन पंधरा दिवसांत दोन्ही गुडघ्यांवर काळपट चौकोन उमटले. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला भाजलं, खरचटलं की ती डाग धरते, हे सांगायला हवं होतं. डाग जायला दहा महिने लागले. रात्री गुडघे बघून मी रडले आहे, ते लपवत नाही.

नंतर कोल्हापूरला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पहिल्या भेटीत काहीच केलं नाही, फक्त तपासलं आणि चार महिने व्यायाम करून या म्हणाल्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाय सरळ ठेवून उचलणं, जिना चढणं, आणि जेवणात डाळी, अंडी, मासे वाढवणं. वाटीच्या वरचा खळगा भरत गेला. घड्या गेल्या नाहीत, पण पाहणाऱ्याची नजर तिथे अडकेनाशी झाली.

मग मशीन. यात दोन मुख्य जाती आहेत, रेडिओफ्रीक्वेन्सी आणि अल्ट्रासाउंड. तत्त्व एकच: वरची कातडी न जाळता आतल्या थराला साधारण ६० अंशांच्या वर तापवायचं. जुनं कोलॅजेन आक्रसतं आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर नवं तयार करतं. अल्ट्रासाउंडचे बिंदू ठरावीक खोलीवर पडतात, १.५, ३ किंवा ४.५ मिलिमीटर. दोन्हींत लेसरसारखा प्रकाश रंगद्रव्याने शोषला जात नाही, म्हणून सावळ्या त्वचेला डागांचा धोका कमी. कमी म्हणजे शून्य नाही. सुया टोचून दिली जाणारी रेडिओफ्रीक्वेन्सीही असते. तिचा परिणाम जास्त खोल जातो, पण अननुभवी हातात भाजण्याचे आणि आतली चरबी विरघळून खड्डा पडण्याचे प्रकार होतात. मी एकदाच अल्ट्रासाउंड घेतलं. वाटीच्या हाडाजवळ चांगलंच दुखलं. पहिला महिना काहीच फरक नव्हता, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसला. आज मी उभी असताना घडी जवळपास दिसत नाही, बराच वेळ बसून उठले की दिसते. मला तेवढं पुरलं.

पेसमेकर असेल तर रेडिओफ्रीक्वेन्सी नको. गुडघ्याची वाटी बदललेली असेल, आत धातू असेल, तर तेही आधीच सांगा.

इंजेक्शनांत दोन नावं तुमच्या कानावर येतील: पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड आणि पातळ केलेलं कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट. यांनी गुडघा फुगवायचा नसतो, त्यांच्याभोवती शरीराने कोलॅजेन घालावं हा हेतू. पहिल्याला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांच्या खप्पड गालांसाठी. गुडघ्यावरचा वापर हा डॉक्टर आपल्या अनुभवावर करतात, हे लक्षात असू द्या. दोन-तीन सिटिंग, मध्ये चार ते सहा आठवडे, आणि घरी मालीश: पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं. गाठी होऊ शकतात. पातळ, सुरकुतलेल्या कातडीला हे मशीनपेक्षा बरं पडतं असं बाईंचं मत होतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा.

कातडीखाली दोरे घालून ती वर ओढण्याचा उपाय (थ्रेड लिफ्ट) गुडघ्यासाठी मला पटला नाही, कारण तो सांधा दिवसभर हलतो. क्रीमचं थोडक्यात: ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासूनचं औषधी क्रीम) डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री लावलं तर पोत सुधारतो, लोंबणं थांबत नाही. कातडी कोरडी पडते, म्हणून वर मॉइश्चरायझर, आणि दिवसा गुडघे उघडे असतील तर सनस्क्रीन.

चरबीच निघाली तर वेगळा विचार करा. आतल्या बाजूची चरबी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने शोषून, काढता येते, पण कातडी आधीच सैल असेल तर चरबी गेल्यावर ती जास्त लोंबते.

ऑपरेशनने जादा कातडी खरोखर जाते, दुसऱ्या कशानेही इतकी जात नाही. पण वाटीच्या वर कापलं तर व्रण समोरच, आणि तो रोज ताणला जाणार. मांडीच्या आतून कापलं तर व्रण जांघेपासून गुडघ्यापर्यंत उतरू शकतो. चाळीस-पन्नास किलो वजन उतरलेल्यांना ते योग्य ठरतं. सतरा किलोवाल्या तुम्ही, चौदा किलोवाली मी, आपण त्यातल्या नाही असं मला वाटतं. पूर्वीची जखम उंच, फुगीर भरली असेल, तर नाहीच.

वेळेचं मात्र जरूर ऐका. पावसात ऊन नसतं म्हणून काहीजण जुलै सुचवतात. आपल्याकडे तेव्हा लावणी असते. गुडघ्यावर सुयांची ताजी भोकं आणि पाय चिखलात, म्हणजे लेप्टोला, चिखलपाण्यातून होणाऱ्या त्या तापाला, दार उघडं. लेप्टोचे जंतू फुटलेल्या कातडीतून सहज शिरतात. मी नोव्हेंबरात गेले. भातकापणी आटोपलेली होती, ऊनही सोसण्यासारखं होतं, आणि पुढचे महिनाभर सैल सुती पायजमा घातला.

डॉक्टर निवडताना एमडी त्वचारोग किंवा एमसीएच प्लास्टिक सर्जरी बघा, नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का पाहा, आणि मशीन कोण चालवणार हे तोंडावर विचारा. खर्च सगळ्या सिटिंगचा मिळून लिहून मागा. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्य विमा हा खर्च देत नाही. त्यात फोंडा घाट चढून कोल्हापूरचं येणं-जाणं धरा. म्हणून चार सिटिंगपेक्षा एका सिटिंगचा उपाय मला परवडला.

एक काम आजच करा. सकाळच्या उजेडात, एकाच भिंतीसमोर, दोन्ही गुडघ्यांचे उभे आणि बसलेले असे फोटो काढून ठेवा. मी ते केलं नव्हतं, आणि लेसरच्या त्या क्लिनिकमध्ये "डाग आधीपासूनच होते" असं सांगितलं गेलं तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.