आधी झोप, मग सीटचा निर्णय

प्रिय मुली,

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. मेडिसीनची जेआर-वन, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, सहावा महिना, सलग 36 तासांच्या ड्यूट्या. पहाटे चारला इन्सुलिनचे 6 युनिट लिहायचे तिथे तू 60 लिहिलेस, सिस्टरने थांबून विचारलं म्हणून निभावलं. घरी जाताना सिग्नलला स्कूटीवरच डोळा लागला. सिनियर म्हणतात, ‘आम्हीही हेच केलं.’ आणि तू विचारतेस, ‘मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही का? सीट सोडू का?’

तीन पानांच्या पत्रात झोपेचा उल्लेख एकदाच आहे, तोही कंसात. पेशंटची हिस्टरी अशी घेतली असतीस का गं?

सिनियरांनी केलं, हे खरंच. पण तेव्हा त्यांच्या हातून काय काय चुकलं, ते कुणी मोजलं नाही. जिथे मोजलं तिथलं सांगते. बोस्टनच्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागातल्या इंटर्नवर लक्ष ठेवलं होतं. 2004 साली निष्कर्ष आले: सलग 24 तासांहून लांब ड्यूट्यांच्या वेळापत्रकात गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त. पुढच्याच वर्षी दिसलं, की अशा ड्यूटीनंतर गाडी चालवताना अपघाताची शक्यता दुपटीहून अधिक असते. आणि 1997 च्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात 24 तास जागलेल्या माणसांचं हात-डोळ्यांचं काम रक्तात 0.10 टक्के दारू असल्यासारखं बिघडलं होतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे. ते 60 युनिट तुझ्या बुद्धीने लिहिले नाहीत, पोरी.

तरी ती चूक गिळून बसू नकोस. युनिटमधल्या ज्या लेक्चररशी बोलता येतं, त्यांना सांग. त्या सिस्टरचे आभार मान.

कागदावर नियम आहेत. 1992 च्या केंद्राच्या आदेशात सलग 12 तासांहून जास्त ड्यूटी सहसा नको, असं म्हटलंय. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला 74 तासांची मर्यादा, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. हे दाखवून उद्या तुझी ड्यूटी बदलणार नाही, ठाऊक आहे मला. एकटीने विभागप्रमुखांसमोर उभी राहूही नकोस. महिनाभर वहीत तास लिही, बॅचमधल्या दोघा-तिघांना लिहायला लाव आणि मिळून मार्डच्या, म्हणजे तुमच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीकडे जा.

शेवटच्या ओळीत लिहिलंयस, ‘कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये.’ हे मी सहज घेणार नाही. जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल तर आजच, हे वाचून झाल्यावर, 14416 ला फोन कर. टेलि-मानसची ही सरकारी सेवा चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याच कृतिदलाच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने असे विचार येऊन गेल्याचं सांगितलं होतं. तुझ्या वॉर्डातही कुणीतरी असेल, गप्प. स्वतःच्या हॉस्पिटलच्या सायकियाट्री ओपीडीत जायला संकोच वाटत असेल तर बाहेरच्या डॉक्टरांकडे जा, पण जा.

सीट सोडायची असेल तर सोड, त्यात कमीपणा नाही. सीट सोडल्यावर भराव्या लागणाऱ्या बॉन्डच्या पैशांचंही घरच्यांशी बोलून बघता येईल. फक्त पोस्ट-कॉलच्या, म्हणजे लांब ड्यूटी संपल्याच्या, दिवशी ठरवू नकोस. तुम्हाला वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा आहे. त्यातले पाच दिवस माग, घरी जा, झोप. पाचव्या दिवशीही सोडावंसं वाटलं तर मला पुन्हा लिही, आपण नीट विचार करू.

आई रोज फोनवर विचारते आणि तू ‘बरी आहे’ म्हणतेस, असं लिहिलंयस. या रविवारी तिला सिग्नलचं सांग. आणि पुढच्या लांब ड्यूटीनंतर स्कूटी हॉस्पिटलातच राहू दे, रिक्षाने जा.

तुझी,
ताई