बडोद्याला सरांना भेटायला जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

सरांच्या मुलाखतीसाठी तू केलेली प्रश्नावली वाचली. ‘आणीबाणी जाहीर झाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ या पहिल्याच प्रश्नावर सर चष्मा पुसतील आणि म्हणतील, ‘विशेष काही नाही.’ आणि ते खरंच असेल. तू पुण्याची, तुझ्या डोक्यात २५ जून १९७५. बडोद्याचं गणित निराळं. त्याच महिन्यात गुजरातेत बाबूभाई पटेलांचं जनता मोर्चाचं, म्हणजे काँग्रेसविरोधी आघाडीचं सरकार आलं होतं, त्यामुळे सुरुवातीला इथे बरीच सैल हवा होती. मार्च १९७६ मध्ये ते पडलं, राष्ट्रपती राजवट आली आणि धरपकडीला जोर आला. जॉर्ज फर्नांडिस आणि साथीदारांवर स्फोटकं जमवल्याचा आरोप झाला, ते बडोदा डायनामाइट प्रकरणही तेव्हाचंच. विचारायचंच तर त्या मार्चबद्दल विचार.

त्याहून बरं म्हणजे, राजकारण विचारूच नकोस. काम विचार. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीवर, म्हणजे अनेक पोथ्यांचे पाठ ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या कामावर, त्यांनी उमेदवारी केली. ते काम १९५१ ला सुरू झालं आणि १९७५ ला उत्तरकांड छापून संपलं. संस्थान जाऊन दोन वर्षं होतात तोच हाती घेतलेलं काम नेमकं आणीबाणीच्या साली पुरं व्हावं, याचं त्यांना काडीचंही नवल नाही. मला आहे. ते एक जुना आखलेला कागद काढतील. एकेका पोथीचा पाठ एकाखाली एक, शाई तपकिरी पडलेली, समासात ‘पुन्हा पाहणे’. एका अक्षरावर अर्धा तास जाईल. घड्याळाकडे बघू नकोस. कोण यायचं बंद झालं, कुणाची पत्रं थांबली, कोण रस्त्यात ओळख देईना, हे सगळं त्या कागदावरूनच निघतं.

‘एक मे’ म्हणाले की लगेच विचार, कोणता? १९४९ च्या एक मेला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० च्या एक मेला गुजरात वेगळं झालं. दांडिया बाजारातल्या मराठी घरांनी दोन्ही सोसले, आणि सरांच्या बोलण्यात आता ते एकमेकांत मिसळतात. एकच प्रसंग दोन दिवशी दोन तऱ्हेने सांगतील. तिथल्या तिथे दुरुस्त करू नकोस आणि घरी येऊन गुळगुळीतही करू नकोस. त्यांच्याच शिस्तीने कर: एक हकीकत वर, दुसरी खाली तळटीपेत.

चारनंतर जा, आधी वामकुक्षी असते. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बस. काकू शेव-उसळ पुढे करतील, ती मुकाट्याने खा, तिखट असली तरी.

लिहून झालं की मजकूर त्यांना वाचून दाखव. काही नावं गाळायला सांगतील. वाद न घालता गाळ. त्या माणसांची मुलं-नातवंडं अजून त्याच पोळात, त्याच गल्लीत राहतात. मला पाठवशील त्या प्रतीतही ती नकोत.