कातडं कमावलं गेलं का? कापून बघा

या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे: किती दिवस? मिठात किती दिवस, केस सुटण्यासाठी चुन्यात किती, सालीच्या पाण्यात किती. दिवसांचा आकडा देणं अवघड आहे. कातड्याची जाडी, हवेतली उष्णता आणि पाण्याचा दाटपणा यांवर सगळं ठरतं. कोणत्या खुणा बघायच्या हे मात्र नक्की सांगता येतं, म्हणून उत्तरांत भर त्यावरच आहे.

मेंढीचं कातडं लोकरीसकट कमवायचं होतं. मिळालं त्याच दिवशी मीठ लावून घडी घालून ठेवलं. आठवड्याने धुवायला घेतलं तर पाठीवरची लोकर मुठीमुठीने हातात आली. मीठ कमी पडलं का?

मीठही कमी पडलं असेल, पण खरा घोटाळा त्याआधीचा दिसतो. कातडं अंगावरून निघालं की जिवाणू लगेच कामाला लागतात आणि केसांच्या मुळांवर त्यांचा पहिला घाला पडतो. त्यात वर लोकरीचं पांघरूण आणि घडी, म्हणजे आतली ऊब तासन्‌तास जात नाही. कातडं आधी पसरून पूर्ण गार होऊ द्यावं. मग मांस आणि चरबी खरवडून काढावी, कारण चरबीच्या थराखाली मीठ पोचतच नाही. मीठ लावायचं ते त्यानंतर.

प्रमाण हात राखून ठेवू नका. ओल्या कातड्याच्या वजनाच्या निम्मं जाडं मीठ लागतं, म्हणजे 4 किलोच्या कातड्याला 2 किलो. ते मांसाच्या बाजूने चोळायचं. कडा, पायांचे भाग आणि मानेच्या वळ्या हमखास राहून जातात. फळी जरा उतरती ठेवा म्हणजे सुटलेलं पाणी निथळून जाईल. दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं मीठ झटकून टाका आणि नवं लावा. उन्हात टाकू नका, वरचा थर सुकतो आणि आतला तसाच कुजत राहतो.

तुमची लोकर आता परत धरणार नाही. कातडं बोटांनी ओढल्यावर फाटत नसेल तर उरलेली लोकर काढा आणि बिनकेसाचं चामडं करा. फाटत असेल तर खोल पुरून मोकळे व्हा.

जाता जाता एक सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. जनावर अचानक, कारण न कळता मेलं असेल तर त्याच्या कातड्याला सुरी लावू नका. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सचे बीजाणू मिठाला आणि वाळवण्याला दाद देत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात. एरवीही ओल्या कातड्यावर काम करताना हातमोजे हवेतच.

सशाचं कातडं केसांसकट तुरटी आणि मिठात कमावलं. पांढरंशुभ्र, मऊ झालं. टोपीला लावलं, ती पावसात भिजली आणि वाळल्यावर पुठ्ठा झाली. माझं काय चुकलं?

कमावण्यात काहीच चुकलं नसावं, वस्तूची निवड चुकली. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम कातड्यातल्या कोलॅजेनला, म्हणजे ज्या प्रथिनाचे कातड्याचे धागे बनतात त्याला, धरतं, पण सैल. भरपूर पाणी लागलं की ते सुटून वाहून जातं आणि मागे जवळजवळ कच्चं कातडं उरतं. कोरड्यात राहणाऱ्या केसाळ वस्तूंसाठी मात्र तुरटीसारखं सोपं काही नाही. केस धरून ठेवते, रंग पांढरा राहतो आणि काम थोड्या दिवसांत आटपतं.

तोच तुकडा पुन्हा तुरटीत घालता येईल. 4 लिटर पाण्यात 500 ग्रॅम तुरटी विरघळवा. दुसऱ्या भांड्यात 2 लिटर पाण्यात 250 ग्रॅम मीठ आणि 125 ग्रॅम स्फटिकी धुण्याचा सोडा घ्या. सोडा कोरड्या भुकटीचा असेल तर 45 ग्रॅम पुरे, कारण स्फटिकांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. सोड्याचं पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी बारीक धारेने, ढवळत ओता. फसफसेल, थांबा, मग पुढचं ओता. घाई केली की पांढरा गाळ साका होऊन बसतो आणि तेवढी तुरटी वाया जाते. मीठ वगळायचा मोह आवरा. आम्लधर्मी पाण्यात मीठ नसेल तर कातडं फुगून बसतं.

भिजणारी टोपी हवी असेल तर सालीत कमावलेलं किंवा धुरावलेलं कातडं घ्या.

धुरावणं म्हणजे मेंदू लावून करतात तेच ना? मेंदू हाताळायची हिंमत होत नाही. अंडं चालेल का?

चालेल. मेंदूत लेसिथिन असतं, अंड्याच्या पिवळ्या बलकातही असतं. त्याचं काम एवढंच की चरबी पाण्यात मिसळून धाग्यांच्या आतपर्यंत न्यायची. बलक कोमट पाण्यात फेटा, त्यात थोडं तेल घाला आणि केस काढलेल्या, पिळून घेतलेल्या कातड्यात मुरवा. पण खरं कमावण्याचं काम पुढे धूर करतो. कुजलेल्या लाकडाच्या थंड, दाट धुरात अल्डिहाइडं असतात, ती कोलॅजेनला पक्कं बांधतात. धूर न देता थांबलात तर पहिल्या पावसात तुमचीही गत वरच्या टोपीची होईल. ज्वाळ नको, ऊबही नको, फक्त धूर हवा.

शेळीचं कातडं बाभळीच्या सालीच्या काढ्यात घातलं. लवकर व्हावं म्हणून पहिल्या दिवसापासून काढा दाट ठेवला. महिना उलटून गेला. बाहेरून छान तांबूस आहे, पण एक तुकडा वाळवून वाकवला तर कडकन वाजला. अजून किती दिवस?

आधी कापून बघा. धारदार पात्याने मानेजवळ किंवा पाठीच्या मध्यावर, जिथे कातडं सर्वांत जाड आहे तिथे एक छोटी चीर द्या. अगदी कडेला कापू नका. तिथे टॅनिन, म्हणजे सालीतलं कातडं कमावणारं तुरट द्रव्य, बाजूनेही शिरलेलं असतं, त्यामुळे कड नेहमी खोटी ग्वाही देते. चीर उजेडात धरून उघडा. दोन्ही बाजूंना तांबूस पट्टा आणि मधोमध पांढरट, ओलसर, मेणासारखी चकाकणारी रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे कच्चं कातडं. ती आहे तोवर काम झालेलं नाही, मग बाहेरचा रंग कितीही गडद असो. शंका वाटली तर चिरेवर व्हिनेगरचा थेंब सोडा. कच्चा भाग फुगून काचेसारखा पारदर्शक होतो, कमावलेला भाग जागचा हलत नाही.

तुमच्या बाबतीत रेघ असणारच, आणि ती दाट काढ्यामुळेच आहे. टॅनिन बाहेरून आत जातं. पहिल्याच दिवशी जोरकस पाणी मिळालं की वरचा थर आवळतो, टॅनिनने गच्च भरतो आणि मागून येणाऱ्याची वाट बंद होते. म्हणून सुरुवात फिक्या चहाच्या रंगाच्या पाण्याने करायची. पहिले दोन-तीन दिवस कातडं दिवसातून चार-पाचदा हलवायचं, नाही तर घडीच्या जागी डाग पडतात. पाण्याचा तुरटपणा आणि रंग उतरला की थोडा दाट काढा मिसळायचा. असं वाढवत न्यायचं. शेळीच्या पातळ कातड्याला काही आठवडे पुरतात. जाड तळव्याच्या चामड्याला जुन्या कुंडांमध्ये वर्ष आणि कधी त्याहून जास्त काळ जाई.

आता उपाय. कातडं बाहेर काढा, साध्या पाण्यात दिवसभर ठेवून वरचं सुटं टॅनिन जाऊ द्या आणि फिक्या पाण्यापासून पुन्हा सुरुवात करा. काही वेळा वाट उघडते, काही वेळा नाही. निम्मं-निम्मं झालेलं चामडं निदान सुरीच्या म्यानासाठी वापरता येतं, तिथे कडकपणाच हवा असतो.

सालींत फरक असतो, तेही लक्षात ठेवा. बाभळीचं चामडं तांबूस होतं आणि उजेडात आणखी लाल पडतं. हिरड्याचं पिवळसर, फिकं राहतं. दोन्ही मिसळून वापरायला माझी पसंती आहे. भांडं, चमचा, खिळा, काहीही लोखंडी नको. लोखंड आणि टॅनिन भेटले की निळे-काळे डाग पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. पाण्यावर पांढरी साय आली तर काढून टाका, घाबरू नका. कातड्यावरच हिरवी, केसाळ बुरशी आली तर ते पाण्याबाहेर उघडं राहत होतं असं समजा. वर स्वच्छ दगड ठेवून पूर्ण बुडवा.

चुन्यातून काढून तीनदा धुतलं. आता सरळ सालीत घालू?

नको. वरून चुना गेला तरी पोटात असतो, आणि चुन्याशी गाठ पडली की टॅनिन काळपटतं, चामडं ठिसूळ होतं. कापून चिरेवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गुलाबी झालं तर आत चुना आहे. 10 लिटर पाण्यात 100 मिलिलिटर व्हिनेगर घालून त्यात ठेवा, मधून मधून हलवा, गरज पडली तर पाणी बदला. गुलाबी रंग येईनासा झाला की सालीत घाला.

चुन्याबद्दल इतरही दोघांनी विचारलं आहे. विझवलेलाच चुना घ्या. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळून अंगावर उडतो. विझलेल्या चुन्याच्या निवळीचाही सामू 12 च्या वर असतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसून लागेल तसा विरघळत राहतो, त्यामुळे रोज ढवळायला हवं. भांडं प्लास्टिकचं, अ‍ॅल्युमिनियमचं तर नाहीच. मानेवरचे केस अंगठ्याने ढकलल्यावर विनासायास निघाले की बाहेर काढायची वेळ झाली.

कमावून झालं, वाळलं आणि फळीसारखं ताठ झालं. तेल चोळलं, फरक नाही.

तेल उशिरा लावलंत. वाळताना धागे एकमेकांना चिकटतात, ते चिकटायच्या आत तेल पोचायला हवं आणि कातडं हलतं राहायला हवं. पुन्हा ओलं करा आणि पिळून अर्धं वाळू द्या. हाताला गार लागतंय पण दाबल्यावर पाणी येत नाही, अशा वेळी कोमट तेलाचा पातळ हात द्या. मग दोन्ही हातांनी ताणा. ताणलेल्या जागी रंग फिका पडला की बरोबर वेळ साधली. लाकडाच्या बोथट कडेवरून मांसाची बाजू घासत ओढा, सगळीकडून, पूर्ण कोरडं होईपर्यंत. दंड भरून येतात, त्याला इलाज नाही. हे एका बैठकीत होत नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून गारव्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा.

फ्लॅटमध्ये राहते. बादलीभर चुना आणि कातडं घरात आणणं शक्य नाही. तरी शिकायचं आहे.

मग माशाच्या कातडीपासून सुरुवात करा. चुना नको, केस काढायचे नाहीत, एक काचेची बरणी पुरे. मोठ्या माशाची कातडी घ्या, चमच्याच्या कडेने मांस आणि खवले काढा, भांडी घासायच्या साबणाने चरबी धुवा. मग काळ्या चहाचा काढा पूर्ण गार करून त्यात बुडवा. पहिल्यांदा फिका, दर दिवसाआड थोडा दाट. कापून बघायचा नियम इथेही तोच. गरम पाणी मात्र अजिबात नको. गुराचं कच्चं कातडं साधारण 60 ते 65 अंशांना आकसतं, थंड समुद्रातल्या माशांची कातडी 40 च्या आसपासच गोळा होते. चहाचा काढा निवायची वाट न बघणाऱ्यांच्या हाती रबराची गोळी येते. नीट झालं तर खवल्यांच्या खणांची नक्षी राहते, आणि कातडी इतकी पातळ असूनही सहजी फाटत नाही. छोट्या पाकिटाला उत्तम.

घरी क्रोम टॅनिंग, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावणं, करावं का?

नाही. चामडं झटपट आणि मऊ होतं हे खरं, पण क्रोमियमचं सांडपाणी घरात ठेवता येत नाही आणि मोरीत ओतता येत नाही. सालीचं थकलेलं पाणी पातळ करून खताच्या ढिगावर ओतता येतं. मिठाचं पाणी झाडांना नको.

स्वतः कमावलेल्या चामड्याचा पट्टा केला. दोन महिन्यांत दोन भोकं लांबला, आणि शिवण एका जागी तुटली ती सरसर उसवत गेली.

पट्टा पोटाच्या भागातून कापलेला दिसतो. तिथले धागे विरळ असतात, ओढ पडली की लांबतात. पट्टा नेहमी पाठीतून, कण्याला समांतर कापावा, जाडी 3 ते 4 मिलिमीटर. पोटाचं चामडं पिशवीच्या आतल्या कप्प्यांना ठेवा.

उसवणारी शिवण मशिनीची असणार. तिथे वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही राहत नाही. हाताने दोन सुयांची शिवण घाला: एकच मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुई, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका झिजून तुटला तरी दुसरा दोरा त्या जागी धरून असतो. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या. आणि आरी तिरकी न धरता सरळ धरा, नाही तर मागची ओळ वेडीवाकडी येते.