नोटा खऱ्या, ऑर्डर खोटी: पोर्तुगाल, १९२५

प्रश्न असा आहे की युरोप-अमेरिकेच्या इतिहासातले, आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसलेले किस्से आणि घोटाळे कोणते. दहा किस्से दोन-दोन ओळींत उरकण्यापेक्षा एकच सांगतो, पण नीट सांगतो. माझी नोकरी बँकेतली, त्यातही बराच काळ कॅश काउंटरवर गेला, म्हणून हा घोटाळा माझा विशेष लाडका.

बनावट नोटा म्हटलं की आपल्याला तळघर आठवतं, चोरून आणलेलं यंत्र, जरा फिकट उमटलेली शाई. पोर्तुगालमध्ये १९२५ साली जे घडलं त्यात यातलं काहीही नव्हतं. नोटा छापल्या होत्या लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या नामांकित कंपनीने. पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे बँक ऑफ पोर्तुगालच्या, अधिकृत नोटाही हीच कंपनी छापायची. प्लेटा त्याच, कारागीर तेच. खोटी होती ती फक्त ऑर्डर.

ही ऑर्डर रचणारा माणूस आर्तुर आल्वेस रेईश, जन्म १८९६, लिस्बन. घरची परिस्थिती बेताची. इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, पहिल्याच वर्षी सोडलं, लग्न केलं आणि १९१६ मध्ये नशीब काढायला अँगोलात गेला. अँगोला तेव्हा पोर्तुगालची वसाहत. जाण्याआधी त्याने स्वतःच एक पदविका बनवली: ऑक्सफर्डची ‘पॉलिटेक्निक स्कूल ऑफ इंजिनीअरिंग’. ऑक्सफर्डमध्ये या नावाची संस्थाच नव्हती, पण लिस्बनहून कोण तपासायला जाणार? नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि साहेब इंजिनीअर झाले. आधी सरकारी बांधकाम खात्यात, मग रेल्वेत. गंमत म्हणजे काम त्याला जमतही होतं. खोट्या कागदावर खरी नोकरी त्याने व्यवस्थित निभावली, आणि कागद चोख असला की माणसाला कुणी काही विचारत नाही, हा धडा त्याला तिथेच मिळाला.

१९२२ मध्ये तो लिस्बनला परतला. अँगोलातल्या एका डबघाईला आलेल्या रेल्वे कंपनीचे शेअर्स त्याने न्यूयॉर्कच्या बँकेचा चेक देऊन घेतले. खात्यात तेवढे पैसे नव्हते. पण त्या काळी चेक बोटीने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचायला आठवडाभर लागायचा. तेवढ्यात कंपनी ताब्यात घ्यायची, कंपनीच्याच गंगाजळीतून पैसे तारेने न्यूयॉर्कला पाठवायचे, म्हणजे चेक पोचेपर्यंत खात्यात रक्कम तयार. चेक जायला-यायला लागणाऱ्या वेळावर जगणारे खातेदार मीही पाहिलेत. पण ज्याला चेक दिला त्याच्याच पैशाने तो वटवणारा हा पहिलाच. हे प्रकरण अंगाशी आलं आणि १९२४ च्या उन्हाळ्यात त्याला अटक झाली. तुरुंगातल्या ५४ दिवसांत त्याने पुढचा बेत आखला.

बँक ऑफ पोर्तुगालबद्दल त्याने बारकाईने माहिती काढली होती. बँक बहुतांशी खाजगी भागधारकांची होती. १८९१ पासून तिच्या नोटांच्या बदल्यात सोनं मिळत नव्हतं. बँक स्वतःच कायद्याने घातलेली मर्यादा ओलांडून नोटा काढत होती. आणि एकाच नंबरच्या दोन नोटा चलनात आहेत का हे तपासणारी यंत्रणा तिच्याकडे नव्हती. चोराला याहून काय हवं?

मग त्याने करारनामा तयार केला. मजकूर साधारण असा: अँगोलाची आर्थिक स्थिती वाईट आहे, काही परदेशी मंडळी तिला १० लाख पौंडांचं कर्ज द्यायला तयार आहेत, त्या बदल्यात त्यांना तेवढ्या रकमेच्या पोर्तुगीज नोटा छापून घेण्याची मुभा राहील. हा मजकूर नोटरीकडून साक्षांकित करून घेतला. त्यावर लिस्बनमधल्या ब्रिटिश, जर्मन आणि फ्रेंच वकिलातींचे शिक्केही मिळवले. वकिलाती फक्त नोटरीची सही खरी आहे एवढंच सांगत होत्या. आत काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पण तिन्ही देशांचे शिक्के पाहून समोरच्याची छाती दडपायची. कागदावर जितके शिक्के जास्त तितका तो कमी वाचला जातो, हे ज्याने सरकारी टेबलं पाहिली आहेत त्याला वेगळं सांगायला नको.

भागीदार तिघे. कारेल मारांग हा डच व्यापारी, आडोल्फ हेनीस हा जर्मन, आणि जुझे बांदेरा हा पोर्तुगीज, ज्याचा सख्खा भाऊ अंतोनियो हेगमध्ये पोर्तुगालचा राजदूत होता. या तिघांना सगळं खोटं आहे हे कितपत माहीत होतं यावर पुढे कोर्टात बराच काथ्याकूट झाला. मला विचाराल तर, ज्याला माहीत करून घ्यायचंच नसतं त्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणणं सोपं जातं.

डिसेंबर १९२४ मध्ये मारांग लंडनला छापखान्याचे प्रमुख सर विल्यम वॉटरलो यांना भेटला. आधी तो एका डच छापखान्यात गेला होता, तिथूनच त्याला वॉटरलोंचं नाव मिळालं. सर विल्यमना सांगितलं गेलं की प्रकरण राजकीयदृष्ट्या नाजूक आहे, बँकेतल्या मोजक्याच लोकांना ठाऊक आहे, कुठे वाच्यता नको. त्यांनी गव्हर्नर इनोसेन्सियो कामाशो यांच्या नावे पत्र लिहिलं. गव्हर्नरांच्या सहीचं उत्तरही आलं. ते रेईशने बसून तयार केलेलं होतं.

इथे एक गोष्ट आपल्या जवळची आहे. पोर्तुगालच्या बहुतेक वसाहतींत नोटा काढण्याचा हक्क बँक ऑफ पोर्तुगालचा नव्हताच, तो बांको नासियोनाल अल्ट्रामारिनो या वेगळ्या बँकेचा होता. गोव्यातल्या रुपियाच्या नोटा जिच्या नावाने निघायच्या तीच ही बँक. अँगोलातही तीच. म्हणजे अँगोलासाठी नोटा आणि ऑर्डर बँक ऑफ पोर्तुगालची, इथेच कुणाच्याही कपाळाला आठी पडायला हवी होती. वॉटरलोंच्या लिस्बनमधल्या प्रतिनिधीने ही शंका कळवलीही होती. पण मोठी ऑर्डर समोर दिसत असताना शंका काढणारा माणूस ऑफिसात कुणालाच आवडत नाही.

छापायच्या होत्या ५०० एस्कुडोच्या (एस्कुडो म्हणजे तेव्हाचं पोर्तुगीज चलन) नोटा, वास्को द गामाचं चित्र असलेल्या. हाच तो १४९८ मध्ये कालिकतला उतरलेला. पहिली खेप २ लाख नोटांची, म्हणजे १० कोटी एस्कुडो, त्या वेळचे साधारण १० लाख पौंड. नंबर देताना रेईशने आधीच चलनात असलेल्या नोटांचेच नंबर दिले. नंबर परत कसे, याचं उत्तर तयार होतं: या नोटांवर नंतर ‘अँगोला’ असा शिक्का उठवला जाणार आहे, त्या लिस्बनमध्ये फिरणारच नाहीत. अर्थात शिक्का कुणी कधी उठवला नाही.

फेब्रुवारी १९२५ मध्ये मारांगने पहिल्या नोटा सुटकेसमध्ये भरून लंडनहून हेगला नेल्या. तिथून राजदूत बांदेरांच्या कृपेने राजनैतिक सामान म्हणून लिस्बनला. कस्टमवाल्यांची बॅग उघडायची टाप नव्हती. आधी काळ्या बाजारात या नोटा देऊन परकीय चलन घेतलं. ते फार सावकाश होतं, म्हणून त्याच वर्षी जूनमध्ये या मंडळींनी चक्क स्वतःची बँक काढली, बांको अँगोला ई मेत्रोपोले. कर्जं सढळ हाताने, कटकट न करता. बँक निघण्याआधीच बाजारात खोट्या नोटांची कुजबुज सुरू झाली होती. बँक ऑफ पोर्तुगालने नोटा तपासल्या आणि मे महिन्यात जाहीर केलं की खोट्या नोटा नाहीत, लोकांनी घाबरू नये. तज्ज्ञांची काही चूक नव्हती. समोरची नोट खरीच होती. तिच्यासारखी दुसरी कुठे आहे का हे एक नोट हातात धरून कसं कळणार? दरम्यान आणखी ३ लाख ८० हजार नोटांची ऑर्डर गेली होती.

रेईशने लिस्बनमध्ये एक वाडा घेतला, जिथे पुढे ब्रिटिश कौन्सिलचं कार्यालय आलं. शेतजमिनी घेतल्या, टॅक्सींचा ताफा घेतला, बायकोला दागिने केले. हे सगळे भुरटे करतात. त्याची खरी हुशारी पुढे आहे. त्याच्या लक्षात आलं होतं की नोटांच्या बनावटीचा गुन्हा नोंदवायचा तर फिर्याद बँक ऑफ पोर्तुगालनेच द्यायला हवी. मग ती बँकच विकत घेतली तर? त्याने तिचे शेअर्स गुपचूप गोळा करायला सुरुवात केली. ताबा मिळवायला ४५ हजार शेअर्स हवे होते, शरद ऋतू संपेपर्यंत १० हजारांच्या आसपास हाती आले होते. म्हणजे बँकेच्या खोट्या नोटांनी बँक घ्यायची आणि मग मालक म्हणून स्वतःलाच माफ करायचं! वाचताना मी इथे पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

ऑक्टोबरमध्ये तो हेनीसला घेऊन अँगोलात गेला. वसाहतीचा तारणहार म्हणून त्याचं जंगी स्वागत झालं. इकडे लिस्बनमध्ये ‘ओ सेकुलो’ या वर्तमानपत्राने २३ नोव्हेंबरपासून या नव्या बँकेमागे हात धुवून लागायला सुरुवात केली. त्यांचा संशय पार भलत्याच दिशेला होता: जर्मनांना अँगोला गिळायचंय आणि हा पैसा जर्मन आहे. खोट्या नोटा कुणाच्या डोक्यातही नव्हत्या. पण या गदारोळामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला बँक ऑफ पोर्तुगालचे तपासनीस पोर्तो शहरातल्या शाखेत जाऊन धडकले. तिजोरीतल्या नोटा पाहिल्या, एकही खोटी वाटेना. मग नंबर ताडून पाहिले. ५ डिसेंबरला एकाच नंबरच्या दोन नोटा शेजारी-शेजारी निघाल्या. मग आणखी. मोजून चार जोड्या. कॅशवाल्या माणसाने ही वेळ मनात आणून पाहावी: दोन्ही नोटा उजेडाला धरल्या, चोळून पाहिल्या, दोन्ही खऱ्या, आणि दोन्हींवर नंबर एकच.

दुसऱ्याच दिवशी रेईशची बोट ‘आडोल्फ वोअरमान’ लिस्बनला लागली. हेनीस निसटला, रेईश बोटीवरच थांबला आणि पकडला गेला. वय २९. बँकेने वास्को द गामाच्या सगळ्या ५०० च्या नोटा रद्द केल्या आणि बदलून द्यायला २६ डिसेंबरपर्यंत मुदत दिली. नोटबंदीच्या रांगा आपण पाहिल्यात, त्यामुळे तिथल्या बँकांसमोरचं दृश्य वर्णन करत बसत नाही. बदलून देताना लंडनच्या दोन छपायांतली कुठली नोट ‘आपली’ हे ओळखायचं कसं, म्हणून बँकेने सगळ्याच बदलून दिल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुरुंगातही गड्याचा हात थांबला नाही. बँकेचे वरिष्ठ अधिकारीच कटात सामील होते, असं दाखवणारी कागदपत्रं त्याने आतूनच तयार केली आणि ती इतकी बेमालूम होती की तपास करणाऱ्या न्यायाधीशाने गव्हर्नर कामाशोंनाच काही काळ अटकेत टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही नोटरीच्या थाटात. खटला उभा राहायला मे १९३० उजाडलं. शिक्षा २० वर्षं. तुरुंगात तो प्रोटेस्टंट झाला, १९४५ मध्ये सुटला आणि १९५५ मध्ये गरिबीत वारला. मारांगला नेदरलँड्समध्ये ११ महिने मिळाले, ते कच्च्या कैदेतच भरले होते. दरम्यान १९२६ मध्ये लष्कराने उठाव करून पोर्तुगालचं प्रजासत्ताकच उलथवलं आणि पुढे हुकूमशहा सालाझार आला. ‘या एका घोटाळ्याने हुकूमशाही आणली’ असं ठोकून दिलेलं बऱ्याच ठिकाणी वाचाल. मला ते पटत नाही. ते प्रजासत्ताक आधीच खिळखिळं झालं होतं. पण उरलीसुरली अब्रू या प्रकरणाने घालवली हे खरं.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. बँक ऑफ पोर्तुगालने वॉटरलोंवर लंडनमध्ये दावा लावला. वॉटरलोंचा बचाव ऐकण्यासारखा आहे: तुमच्या नोटांमागे सोनं नाही, तुम्ही कागद छापता आणि तो चालतो, मग खोट्या नोटांच्या बदल्यात खऱ्या दिल्यात तर तुमचा तोटा किती? नव्या नोटा छापायचा खर्च, ८,९२२ पौंड. बँकेचं म्हणणं, नोटेवर जे लिहिलंय तेवढा तोटा. खालच्या कोर्टाने ५ लाखांहून जास्त पौंड दिले, अपिलात ते ३ लाखांवर आले. शेवटी १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टात, पाच न्यायाधीश बसले आणि तेही फुटले. दोघांना ८,९२२ च बरोबर वाटले. तिघांनी म्हटलं, बँकेने नोट हातावर ठेवली म्हणजे देशात खर्च करता येईल अशी पत दिली, ती कागदाच्या भावाने मोजता येत नाही. तीन विरुद्ध दोन मतांनी वॉटरलोंनी ६,१०,३९२ पौंड द्यावेत असा निकाल लागला. मी त्या तिघांच्या बाजूचा आहे, पण बचावाचा युक्तिवाद खोडून काढा म्हटलं तर मला आजही घाम फुटेल.

सर विल्यम मधल्या काळात लंडनचे लॉर्ड मेयर झाले होते. निकाल ऐकायला ते नव्हते. १९३१ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.