‘मंजूर’ म्हणजे नेमकं काय झालं?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका आमदारांच्या कार्यालयात मी सव्वीस वर्षं स्वीय सहायक होतो. अधिवेशन संपलं की आमदारांचा कार्यअहवाल घरोघर जातो: अर्थसंकल्पातून काय आणलं, कोणती विधेयकं झाली, लोकांची कोणती कामं केली. असे कितीतरी अहवाल मी स्वतः लिहून छापखान्यात दिलेत. तुमच्या आमदारांचा अहवाल वाचून पडलेले प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यातल्या सहांना इथे उत्तरं देतो.

*आमच्या गावाचा साडेतीन किलोमीटरचा रस्ता आमदारांच्या अहवालात सलग दोन वर्षं ‘मंजूर’ म्हणून छापून आला. रस्त्यावर खडीचा एक ढीगही पडलेला नाही. हे खोटं नाही तर काय? — एक शेतकरी, धाराशिव जिल्हा*

खोटंच असेल असं मी म्हणणार नाही. ‘मंजूर’ हा एकच शब्द चार-पाच वेगळ्या गोष्टींना वापरला जातो, आणि त्यातली कोणती झाली हे अहवालात कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नाही, याची खंत आजही आहे.

काम आधी अर्थसंकल्पाच्या किंवा पुरवणी मागण्यांच्या (वर्षाच्या मध्येच सरकार मागतं त्या जादा पैशांच्या) यादीत येतं. तिथे कामाची किंमत चार कोटी असते आणि त्या वर्षाची तरतूद कधी कधी दहा-वीस लाख. अहवालात छापली जाते ती किंमत. मग खात्याची प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायचं ठरलं. मग अभियंत्यांची तांत्रिक मान्यता, म्हणजे अंदाजपत्रक तपासून झालं. मग निविदा. शेवटी ठेकेदाराच्या हातात कार्यारंभ आदेश, ज्याला आपण सगळे वर्कऑर्डर म्हणतो. आणि वर्कऑर्डर निघूनही निधी सुटला नसेल, ठेकेदाराची मागची बिलं थकली असतील, तर तो मशीन आणत नाही.

आमच्याकडे एक आबा दर सोमवारी यायचे. फेटा, कापडी पिशवी, आणि पिशवीत घडी घालून घालून फाटायला आलेलं वर्तमानपत्राचं कात्रण: ‘ओढ्यावरील पूल मंजूर’. पाऊस झाला की त्यांच्या वस्तीवरची पोरं ओढ्याच्या अलीकडे दप्तरं डोक्यावर धरून थांबायची आणि घरी परतायची. मी दर सोमवारी ‘फाइल पुढे गेलीय, आबा’ एवढंच सांगायचो. एका सोमवारी मलाच बरं वाटेना. यादी काढली आणि ओळ न् ओळ वाचली. गावाचं नाव बरोबर होतं, पण पुढे तालुका शेजारचा छापला होता. त्या तालुक्यातही त्याच नावाचं गाव आहे. आमच्या उपविभागाने ‘काम आपलं नाही’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, आणि शेजारच्यांना त्या गावात असा ओढाच सापडत नव्हता. शुद्धिपत्रक निघायला आठ महिने लागले. एका शब्दापायी पोरांचा आणखी एक पावसाळा गेला.

त्यानंतर मी जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही घातली. कामाचं नाव, लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं सदर), यादीतलं पान आणि अनुक्रमांक, प्रशासकीय मान्यतेची तारीख, तांत्रिक मान्यतेची तारीख, निविदा, वर्कऑर्डर. ज्या रकान्यात तारीख नाही, तिथे काम अडलं. तुम्हीही आमदारांच्या कार्यालयात जाऊन हेच विचारा: यादीत कितव्या पानावर, तरतूद किती, प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची? उत्तर आलं नाही तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयाला लिहून द्या. अर्जाला दहा रुपये लागतात. जाताना गावाच्या नावापुढचा तालुका मात्र आधी तपासा.

*अहवालात आमदार निधीचे पाच कोटी लिहिलेत. माझ्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यातून लाखभर रुपये मिळतील का? — रिक्षाचालक, पुणे*

नाही मिळणार, आणि कुणी मिळवून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. दरवर्षीचा हा स्थानिक विकास निधी २०२० पर्यंत दोन कोटी होता, टप्प्याटप्प्याने वाढत २०२२ मध्ये पाच कोटी झाला. तो सार्वजनिक कामांसाठी असतो. आमदार काम सुचवतात, मान्यता जिल्हाधिकारी देतात, पैसा आमदारांच्या खात्यावर येतच नाही. भावासाठी आजच दोन गोष्टी करा. ज्या रुग्णालयात ऑपरेशन आहे ते महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. तिथे बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करा, आणि आमदारांचं पत्र त्याला जोडा. आमदारांच्या कार्यालयाने खरं तर हेच काम धावून करायला हवं.

*मार्चमध्ये अर्थसंकल्प झाला, मग जुलैत ‘पुरवणी मागण्या’ कशाला? घरात असं चालतं का? — गृहिणी, नाशिक*

घरातही चालतं, ताई. दिवाळीचा हिशेब धरून ठेवलेला असतो आणि मध्येच कुणाचा पाय मोडतो. राज्यघटनेच्या कलम २०५ ने त्यासाठीच ही वाट ठेवली आहे. अतिवृष्टी झाली, केंद्राच्या योजनेत राज्याचा हिस्सा वाढला, तर सरकार सभागृहाकडे जादा पैसे मागतं.

प्रश्न आकाराचा आहे. १० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांच्या खर्चाचा होता, महसुली तूट ४५,८९१ कोटींची. पुढे जुलैच्या पावसाळी अधिवेशनात आलेल्या पुरवणी मागण्या ५७,५०९ कोटींच्या, म्हणजे वर्षाच्या एकूण खर्चाच्या जवळजवळ बाराव्या हिश्शाएवढ्या. त्यातला काही भाग नुसती जुळवाजुळव असतो, हे खरं. तरीही चार महिन्यांत एवढी रक्कम वाढते तेव्हा मार्चमधला अंदाज कच्चा होता, असंच माझं मत आहे. मार्चमध्ये खात्यावार मागण्यांवर चर्चा तरी होते. पुरवणी मागण्या दोन दिवसांत उरकतात. तुमच्या आमदारांना विचारा, त्या चर्चेत ते कोणत्या खात्यावर बोलले. बोलले असतील तर भाषण छापील कामकाजात सापडतं.

*माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००. हा कर कुठे जातो? आमदारांच्या अहवालात याचं कधी नावही नसतं. — शिक्षिका, सातारा*

बाई, तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ पत्र हातात धरून बसलो.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. दुपारी कामावरच्या माणसांना सुकडी वाटायचे. आई आपल्या वाट्याची अर्धी पदराच्या टोकाला बांधून आणायची. संध्याकाळी ती गाठ सोडायची तेव्हा आम्ही तिघं भावंडं तिच्या हाताकडे बघत असायचो. सुकडीत कधी खडीची बारीक कचही यायची.

अशा कामाची हमी देणाऱ्या रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, हा विचार त्यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिला, १९७२ मध्ये तो राज्यभर गेला. पण योजना असली तरी तिजोरीत पैसा हवा, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं आणि त्यातून रानातल्या माणसाला काम मिळायचं. मग १९७७ चा रोजगार हमी अधिनियम आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याने काम मागणं हा हक्क झाला आणि जमलेल्या करात राज्याने आपलाही वाटा घालायचा ठरलं. केंद्राचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ मध्ये आला.

तुमचे वर्षाचे २,५०० रुपये होतात. घटनेने या कराला घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. (दरमहा पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून हा कर माफ आहे.) आता आमदारांना सांगा, विधानसभेत एक अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न लावा: मागच्या पाच वर्षांत व्यवसाय कर किती जमला आणि रोजगार हमीवर राज्याने किती खर्च केला? दोनच आकडे, पण ते लेखी द्यावे लागतात. माझ्या आईने फोडलेल्या खडीचा पाझर तलाव अजून आहे. तशा कामांसाठी पुढे जो कर बसवला त्याचा पैसा आज कुठे जातो, हे विचारायचा अधिकार तुमच्याइतका कुणाला असणार?

*विधेयक सभागृहात गेल्यावर आपल्यासारख्यांना काही करता येतं का? — विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर*

विधेयक समितीकडे गेलं तर येतं. नक्षलवादी कारवायांना आळा घालायचा म्हणून सरकारने आणलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचंच बघा. जुलै २०२४ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं गेलं, त्याच वर्षी हिवाळी अधिवेशनात पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे दिलं. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या, बारा हजारांवर आल्या. मसुद्यातला ‘व्यक्ती आणि संघटना’ हा उल्लेख समितीने बदलला आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. कायद्याला विरोध करणाऱ्यांना हे बदल अपुरे वाटले, मलाही वाटले. पण मूळ मसुदा जसाच्या तसा राहिला नाही, याचं श्रेय त्या पत्रांना आहे. तू सूचना लिहिशील तेव्हा कलमाचा क्रमांक, त्यातला नको असलेला शब्द आणि त्याऐवजी हवा असलेला शब्द, एवढं एका पानात लिही. चार पानी निषेधपत्र समितीत कुणी पुरतं वाचत नाही, मी पाहिलंय.

*उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन हेलपाटे झाले. आमदारांचं पत्र नेलं तर लगेच मिळेल का? — शेतमजूर महिला, बीड जिल्हा*

मिळेलही, मावशी. पण पत्राशिवायही तो तुम्हाला मिळायलाच हवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्याला दिवस ठरवून दिलेत आणि ते कार्यालयात फलकावर लावावे लागतात. अर्ज घेतल्याची पोच आधी मागा. तोंडी ‘नंतर या’ म्हणाले तर ‘लिहून द्या’ म्हणा, कारण नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत उलटली की तीस दिवसांत अपील करता येतं, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड होतो.

वाचता येत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोरीला बरोबर न्या. आणि आमदारांकडे जाणारच असाल तर नुसतं पत्र मागू नका. पोचपावती पुढे ठेवा आणि तिच्यावरचा नंबर देऊन तहसीलदारांना फोन करायला सांगा. आमच्या कार्यालयात नंबर असलेली पावती टेबलावर आली की फोन त्याच वेळी लागायचा.