सॅक्रामेंटोत बजेट विश्लेषक व्हायचंय

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी कॅलिफोर्नियात अर्थशास्त्राच्या बी.ए.ला तिसऱ्या वर्षाला आहे. तिला राजधानी सॅक्रामेंटोत राज्याच्या विधिमंडळासाठी बजेट विश्लेषक व्हायचंय आणि ‘राजकारण्यांच्या हाताखाली सचोटीनं काम करता येईल का?’ असं तुम्ही विचारलंय.

येतं. ती म्हणते ते लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्ट्स ऑफिस, म्हणजे विधिमंडळाला अर्थसंकल्पावर सल्ला देणारं कार्यालय, थोडक्यात एलएओ, १९४१ पासून आहे. ते गव्हर्नरच्या अखत्यारीत येत नाही. दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती त्यावर देखरेख ठेवते. जानेवारी २०२४मध्ये गव्हर्नरांनी तूट ३८ अब्ज डॉलर सांगितली, तर त्याच अर्थसंकल्पात एलएओला ५८ अब्जांची तूट दिसली. गव्हर्नर आणि विधिमंडळातलं बहुमत एकाच पक्षाचं असतानाची ही गोष्ट. फरक मुख्यतः शाळा-कॉलेजांचा कोणता खर्च आधीच ठरलेला धरायचा, यावरून पडला होता, आणि एलएओनं तसं लिहून जाहीर केलं. न आवडणारा आकडा कारणासकट मांडणं, हेच या नोकरीचं मूळ काम आहे.

१० जानेवारीपर्यंत गव्हर्नरचा प्रस्ताव येतो, १४ मेपर्यंत त्याची सुधारित आवृत्ती, १५ जूनपर्यंत विधिमंडळाला तो मंजूर करावा लागतो आणि १ जुलैला आर्थिक वर्ष सुरू होतं. प्रत्येक विश्लेषकाकडे ठरावीक विषय असतात: तुरुंग, पाणी, विद्यापीठं वगैरे. समजा, एखाद्या खात्यानं २० नवी पदं आणि प्रत्येकी दीड लाख डॉलर, म्हणजे ३० लाख मागितले. पदं जानेवारीच्या आधी भरली जाणार नसतील, तर पहिल्या वर्षी १५ लाखच पुरतात. त्या खात्यात आधीच ३० पदं रिकामी असतील, तर मुळात नवी कशाला? पैसा जनरल फंडातून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून येणार, की ठरावीक कामासाठीच वेगळ्या ठेवलेल्या एखाद्या निधीतून? खर्च एकदाच होणारा आहे की दरवर्षीचा? नवशिक्यांची चूक बहुतेक याच शेवटच्या प्रश्नात होते. एका चांगल्या वर्षाच्या महसुलावर कायमचा खर्च बसवला, की तिसऱ्या वर्षी तूट उघडी पडते. कॅलिफोर्नियाचा महसूल श्रीमंतांच्या भांडवली नफ्यावर हेलकावे खात असल्यानं तिथं हे फार लवकर घडतं.

मग टिपण लिहायचं: मंजूर करा, नाकारा, बदल करा किंवा मेपर्यंत थांबा. उपसमितीसमोर बसून त्याची बाजू मांडायची. सल्ला बंधनकारक नसतो आणि बरेचदा मानलाही जात नाही. हे ज्यांना सोसत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. पक्षाचा प्रचार आणि समाजमाध्यमांवरची राजकीय शेरेबाजीही सोडावी लागते. तिला सवय असेल, तर आजपासूनच आवर घालू द्या.

या कामाकडे सार्वजनिक धोरण किंवा अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीतून जाणं सर्वांत सरळ. बर्कलीचं गोल्डमन स्कूल किंवा सॅक्रामेंटो स्टेट हे जवळचे पर्याय आहेत. संख्याशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र पक्कं हवं, पण माझ्या मते मुलं अडखळतात ती लेखनात. वीस पानी प्रबंध लिहिणाऱ्याला दोन पानांत शिफारस, आकडा आणि कारण बसवता येत नाही.

म्हणून तिला येत्या जानेवारीत एक काम सांगा. गव्हर्नरच्या प्रस्तावातली एका खात्याची एकच मागणी घ्यायची, एलएओचं मत न वाचता दोन पानी टिपण लिहायचं आणि त्यांचा अहवाल आला, की शेजारी ठेवून ताडायचं. अशी तीन-चार टिपणं झाली, की अर्जासोबत दाखवायला लेखनाचा नमुना तयार होतो.

लगेच पदव्युत्तर शिक्षण परवडणार नसेल, तर पदवीनंतर राज्याच्या वित्त विभागात बजेट विश्लेषकाच्या जागा असतात. तो विभाग गव्हर्नरचा आहे, तरी मागण्या तपासायचं शिक्षण तेच मिळतं. आमदारांच्या कार्यालयातली ११ महिन्यांची फेलोशिपही आहे. मात्र तिथं एका सदस्यासाठी काम करावं लागतं. मला विचाराल, तर तिच्यासाठी वित्त विभाग बरा.

आणि एक: जानेवारी ते जून तिला भारतात लग्नकार्याला बोलावू नका. रजा मिळणं कठीण.